अतिसार आणि मीठ-साखरेचे पाणी

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळील बनगाव येथील रुग्णालयात पटकीच्या रोग्यांची इतकी गर्दी झाली की, अनेकांना जमिनीवरच निजावे लागले. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांना तोंडाने देण्याची व्यवस्था केली. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजू लागले. सुमारे ३,७०० रोग्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. तत्पूर्वी ते ३० टक्क्यांच्या आसपास होते.

इतक्या साध्या उपायाने हे कसे साधले? अतिसारात रोगी दगावतो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. पटकीचे जंतू आतड्यात एक विष निर्माण करतात, असे कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ दे यांनी १९५९ साली दाखवून दिले. त्या विषामुळे आतड्यात पाणी व क्षार पाझरतात. तथापि आतड्याच्या अस्तराची एक शक्ती शाबूत राहते. ग्लुकोज शोषले जाताना मिठातील सोडियम त्याच्यासमवेत आत जाते व त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. नुसत्या पाण्याने हे कार्य पुरेसे होत नाही.

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाल्यास ओआरएसची पुडी, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच, स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटघोट पाजावे. जुलाब होत असता पाणी तोडणे ही घातक समजूत होय. अन्न व आईचे दूधही चालूच ठेवावे. मुलांना वैद्यकीय सल्ल्याने १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. डोळे खोल जाणे, गुंगी येणे, पाणी पिता न येणे किंवा शौचात रक्त पडणे ही लक्षणे दिसताच रोग्यास रुग्णालयात न्यावे. मात्र वाटेतही पिता येत असेल तर पाणी पाजत राहावे.

रोग टाळण्यासाठी शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, शंकास्पद पाणी उकळून घेणे, शौचालयाचा वापर करणे आणि अन्न झाकून ठेवणे आवश्यक आहे. बालकांतील तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण असलेल्या रोटा विषाणूविरुद्धची लस २०१६ पासून भारताच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली आहे. तरीही जुलाब लागलेच, तर पाणी पाजण्यास विलंब करू नये. पहिल्या काही तासांतील पेलाभर पाणी पुढील मोठे संकट टाळू शकते.