नियम ब्रुसेल्सचा, जॉब बारामतीचा

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथ चालवणाऱ्या ऑपरेटरला 'टूल होल्डर कोणता?' असे विचारले, तर बहुधा 'व्हीडीआय तीस' किंवा 'व्हीडीआय चाळीस' असे उत्तर मिळेल. तीस किंवा चाळीस हा होल्डरच्या दांड्याचा मिलिमीटरमधील व्यास. व्हीडीआय म्हणजे काय, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते १८५६ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन अभियंत्यांच्या संघटनेचे संक्षिप्त नाव आहे. लेथच्या टरेटवर टूल कसे बसवावे, याची एक मार्गदर्शिका या संघटनेने काढली. पुढे तिचे डीआयएन ६९८८० हे जर्मन मानक झाले आणि यंत्रांबरोबर ते जगभर पसरले. एका परक्या संघटनेचे नाव आपल्या कामगारांच्या रोजच्या बोलीत असे नकळत रुळले आहे.

व्हीडीआय ही अभियंत्यांची संस्था. मशीन टूल उद्योगात तिच्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक प्रभाव कारखानदारांच्या संघटनांचा असतो. मशीन टूल म्हणजे धातू कापून, तासून किंवा घासून त्याला हवा तो आकार देणारे यंत्र. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग ही त्याची परिचित रूपे. मोटारीचा क्रँकशाफ्ट असो वा साखर कारखान्याच्या गिरणीचा रोलर, त्याची वाट अशा यंत्रावरूनच जाते. पियाजिओ या इटालियन कंपनीची तीनचाकी वाहने १९९९ पासून बारामतीत तयार होत आहेत आणि २०१२ मध्ये तेथेच व्हेस्पाचा कारखाना सुरू झाला. भारत फोर्जचा प्रकल्पही बारामतीत आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर तर साखरेच्या यंत्रसामग्रीपासून अग्निबाणाच्या मोटारीच्या आवरणापर्यंत मजल मारलेले गाव. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधाराने जॉबवर्क करणाऱ्या छोट्या उद्योजकांसाठी मशीन टूल हीच सर्वांत मोठी गुंतवणूक असते आणि बहुतेकदा सर्वांत मोठे कर्जही.

युरोपात या उद्योगाच्या संघटना जुन्या आहेत. जर्मनीची व्हीडीडब्ल्यू १८९१ ची, इटलीची युसीमू १९४५ ची, तर स्पेनची एएफएम १९४६ ची. महायुद्धात होरपळलेल्या युरोपातील कारखानदार १९५० मध्ये एकत्र आले आणि 'सेसिमो' हा राष्ट्रीय संघटनांचा महासंघ उभा राहिला. आज त्याचे कार्यालय ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या कायद्यांचा मसुदा होतो त्याच शहरात आहे. पंधरा राष्ट्रीय संघटना त्याच्या सभासद आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरी त्याची स्विसमेम ही संघटना सेसिमोत आहे.

प्रदर्शनाची मक्तेदारी

या संघटनांचे सर्वांत दिसणारे काम म्हणजे प्रदर्शन. १९५१ मध्ये पॅरिसला पहिले युरोपीय मशीन टूल प्रदर्शन भरले. १९७५ पासून ते 'ईएमओ' या नावाने ओळखले जाते आणि आता हॅनोवर व मिलान येथे आळीपाळीने भरते. वरवर पाहता हा मेळावा. आत शिरले की संघटनेची ताकद दिसते. ज्या वर्षी युरोपीय प्रदर्शन असेल त्या वर्षी त्यात भाग घेणाऱ्यांनी अन्यत्र यंत्रे मांडू नयेत, असे बंधन सेसिमोने घातले होते. असे बंधन स्पर्धेला मारक नाही काय, हा प्रश्न युरोपीय आयोगापुढे गेला. वारंवार प्रदर्शने भरवण्याचा खर्च वाचतो आणि ग्राहकाला सारे काही एकाच छताखाली पाहायला मिळते, हा युक्तिवाद मान्य करून आयोगाने १९६९ मध्ये या नियमाला सूट दिली. नवे यंत्र जगाला केव्हा आणि कोठे दिसावे, हे कारखानदारांची संघटना ठरवत होती आणि कायद्याने त्याला मान्यता दिली होती, असा याचा सरळ अर्थ.

प्रदर्शन संपते, मानक मात्र वर्षानुवर्षे यंत्रात ठाण मांडून बसते. व्हीएमसी मशीनच्या स्पिंडलमध्ये टूल धरणाऱ्या निमुळत्या भागाचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे सर्रास आढळणारा 'बीटी ४०' हा प्रकार जपानच्या मशीन टूल उत्पादक संघटनेच्या मानकातून आला. जर्मनीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आखेन येथील तंत्र विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून 'एचएसके' हा पोकळ दांड्याचा प्रकार विकसित केला. स्पिंडल अतिवेगाने फिरू लागला की तो किंचित फुगतो आणि बीटी होल्डर आत ओढला जाण्याचा धोका असतो. एचएसके होल्डर निमुळत्या भागावर आणि सपाट तोंडावर अशा दोन्ही ठिकाणी टेकतो, त्यामुळे हा धोका टळतो. आधी त्याचे जर्मन मानक झाले आणि २००१ मध्ये आयएसओ १२१६४ हे आंतरराष्ट्रीय मानक. तंत्र म्हणून ते सरस आहे, यात वाद नाही. पण बीटीचे शंभर होल्डर फडताळात असलेल्या उद्योजकाने एचएसके स्पिंडलचे यंत्र घेतले, तर त्या यंत्रापुरते ते शंभर होल्डर निरुपयोगी ठरतात. मानक ठरवणाऱ्या बैठकीत असा उद्योजक कधी नसतो. सेसिमो असो वा जपानी संघटना, त्या यंत्रे बनवणाऱ्यांच्या आहेत, वापरणाऱ्यांच्या नाहीत. या साऱ्या व्यवस्थेतील ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

सुरक्षेचा ठसा

कायद्याची बाब आणखी गुंतागुंतीची आहे. युरोपात यंत्र विकायचे तर त्यावर 'सीई' ठसा लागतो. २००६ चा यंत्रसुरक्षा निर्देश २००९ च्या अखेरीपासून लागू झाला. त्याची जागा घेणारा २०२३ चा नवा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू करण्याचे ठरले. या नियमात सॉफ्टवेअर आणि सायबर सुरक्षेचा अंतर्भाव आहे. यंत्रात मोठा फेरफार करणारा हा त्या यंत्राचा उत्पादकच मानला जावा, अशी तरतूदही त्यात आहे. जुन्या यंत्राला नवा कंट्रोलर बसवून ते पुन्हा उभे करण्यात आपले तंत्रज्ञ वाकबगार आहेत. असे यंत्र युरोपला पाठवायचे झाल्यास धोक्याच्या मूल्यमापनापासून तांत्रिक कागदपत्रांपर्यंत सारी जबाबदारी पाठवणाऱ्यावर येऊ शकते. असे कायदे होत असताना सेसिमो त्यांच्या प्रत्येक मसुद्यावर आपले म्हणणे मांडत असते. यंत्रांच्या वीजवापरावर थेट कायदा येण्याऐवजी उद्योगाने स्वतःच नियम आखून पाळावेत, हा प्रस्तावही तिचाच.

भारतानेही आपला सुरक्षा आदेश काढला. अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मशीन टूल्ससह अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे करणारा आदेश जारी केला. जर्मनीच्या व्हीडीएमए या यंत्रउद्योग संघटनेने त्यावर चिंता व्यक्त केली. २०२५ मध्ये अंमलबजावणीची तारीख १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. गंमत अशी की, या आदेशाचा पाया असलेले आयएस १६८१९ हे भारतीय मानक म्हणजे आयएसओ १२१०० चेच भारतीय रूप. आणि त्या आयएसओ मानकाचे मूळ पुन्हा 'ईएन २९२' या युरोपीय मानकात सापडते. ज्या नियमाला युरोपीय उद्योग बिचकला, त्याची बाराखडी युरोपातच गिरवली गेली होती!

वालचंदनगरसारख्या ठिकाणी आणखी एक प्रश्न संभवतो. अतिअचूक पंचअक्षीय यंत्रे संरक्षणासाठीही वापरता येत असल्याने युरोपातून ती निर्यात करण्यास परवाना लागू शकतो. यंत्र पुन्हापुन्हा त्याच बिंदूवर किती अचूक येते, हा त्यातील एक निकष. ही अचूकता मोजण्याची रीतही आयएसओ २३० या मानक मालिकेतलीच.

आपल्याकडील इंडियन मशीन टूल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन १९४६ ची, म्हणजे स्पेनच्या संघटनेच्याच वयाची. १९६९ मध्ये मुंबईत तिने 'इमटेक्स' हे प्रदर्शन सुरू केले आणि २००७ मध्ये बंगळुरूला स्वतःचे प्रदर्शन संकुल उभारले. पण तीही मुख्यत्वे उत्पादकांचीच संघटना. वसाहतींमधील उद्योजकांच्या संघटनांची शक्ती वीज, पाणी आणि रस्त्यांच्या तक्रारींतच खर्ची पडते.

स्पेनच्या बास्क प्रांतातील एल्गोइबार हे सुमारे बारा हजार वस्तीचे गाव या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील दानोबात ही मशीन टूल कंपनी १९५४ ची. ती आज माँद्रागॉन या सहकारी समूहात आहे. शिक्षण आणि कारखान्यातील काम यांची सांगड घालणारी मशीन टूलची स्वतंत्र शिक्षणसंस्थाही त्या गावात आहे. सहकार म्हणजे काय, हे माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या ऊस उत्पादकांना कोणी शिकवायला नको. एकट्या शेतकऱ्याला न पेलणारा कारखाना त्यांनी एकत्र येऊन उभारला. तसा प्रयोग या पट्ट्यातील लेथ आणि मिलिंगवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर केलेला दिसत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या नव्या मानकांचे मसुदे अभिप्रायासाठी खुले केले जातात. त्यावर म्हणणे मांडण्यासाठी कोणत्याही संघटनेचे सभासद असावे लागत नाही. बारामतीच्या वर्कशॉपमधूनही ते पाठवता येते.