एक्सेलमधली लिंक अडते कुठे?

एक्सेलच्या तक्त्यातल्या निळ्या, अधोरेखित लिंकवर क्लिक करावे आणि हव्या त्या अहवालाऐवजी लॉगिनचे पान समोर यावे, हा अनुभव अनेक कार्यालयांत रोजचा आहे. तोच पत्ता कॉपी करून ब्राउझरमध्ये चिकटवला की पान मात्र विनातक्रार उघडते. पत्ता तोच, ब्राउझरही तोच. मग आड येते काय?

विंडोजवरचे एक्सेल पत्ता थेट ब्राउझरकडे देत नाही. आधी ते स्वतःच सर्व्हरकडे विचारणा करते. पलीकडे वर्डची किंवा एक्सेलची फाइल असेल, तर ती ऑफिसमध्येच उघडून संपादित करता यावी, हा त्यामागचा हेतू. पण वेब ज्यावर चालते तो एचटीटीपी प्रोटोकॉल आधीची भेट लक्षात ठेवत नाही; प्रत्येक विनंती त्याला नवीच. म्हणून नेटस्केपमधल्या लू मोंतुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना आणली. लॉगिन झाल्याची खूण सांगणारी ही कुकी राहते ब्राउझरजवळ. एक्सेलजवळ ती नसते. सर्व्हर त्याला अनोळखी समजून लॉगिनच्या पानाकडे वळवतो आणि एक्सेल मूळ पत्त्याऐवजी हा वळवलेला पत्ताच ब्राउझरच्या हाती ठेवते.

मायक्रोसॉफ्टने यावर दिलेला उपाय म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘फोर्सशेलएक्झिक्यूट’ या नोंदीला १ ही किंमत देणे. मग एक्सेल चौकशी न करता पत्ता पुढे पाठवते. रजिस्ट्रीला हात संगणक विभागाच्या माणसानेच लावलेला बरा. पण शंभर जणांचे संगणक बदलत बसण्यापेक्षा संकेतस्थळ चालवणाऱ्यांनीच ऑफिसची विचारणा ओळखावी आणि तिला लॉगिनकडे न पिटाळता साधा होकार द्यावा, हे जास्त न्याय्य आहे.

मराठी पत्त्यांची अडचण निराळी, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ब्राउझरमधून कॉपी केलेल्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि हलन्तसुद्धा, टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जाते आणि एकाची नऊ अक्षरे होतात. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ या शीर्षकात अशी २६ चिन्हे आहेत. मराठी विकिपीडियावर या शीर्षकाच्या पानाचा पूर्ण पत्ता २६७ अक्षरांचा होईल. एक्सेलच्या सूत्रात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराची मर्यादा आहे २५५. हायपरलिंकचे सूत्र तिथेच नाकारले जाते. अशा वेळी सूत्र सोडून कंट्रोल आणि के दाबावे आणि उघडणाऱ्या चौकटीत पत्ता चिकटवावा.

लिंक वेबची नसून संगणकातल्या फाइलची असेल, तर तपास फोल्डरपासून सुरू करावा. एक्सेल असा पत्ता बहुधा तक्त्याच्या स्वतःच्या जागेच्या संदर्भाने साठवते. तक्ता दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला आणि जोडलेल्या फाइली जुन्याच जागी राहिल्या, की दुवे तुटतात. शीटचे नाव बदलले तरी त्या शीटकडे नेणारी लिंक जुनेच नाव शोधत राहते. सेलला स्वतंत्र नाव देऊन लिंक त्या नावाला जोडली, तर हा त्रास होत नाही. फाइलच्या नावात हॅशचे चिन्ह असेल, तर एक्सेल पत्ता त्या चिन्हापाशीच तोडते. तिथे फाइलचे नाव बदलून लिंक नव्याने जोडावी लागते.