फॉर्म अडकला? एफ१२ दाबा!

ऑनलाइन फॉर्मवर चक्र फिरत राहिलं की आपण आधी वायफायला शिव्या घालतो. त्याऐवजी लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅब उघडा, मग पान रीलोड करा. (पैसे भरताना मात्र रीलोड नको हं!) आता लाल ओळ शोधा आणि तिच्यातला आकडा बघा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडलं नाही, ४०१ म्हणजे पुन्हा लॉगिन करा, ५०० आलं तर गडबड सर्व्हरकडे. तुमचा राउटर निर्दोष. ३०४ला घाबरू नका, ब्राउझरने साठवलेली प्रत वापरली एवढंच. पान बदलताच यादी पुसली जाते, म्हणून 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करून ठेवा. मदतीसाठी कुणी 'हार' फाइल (या यादीची साठवलेली प्रत) मागितली तर जपून! तिच्यात कुकीज असू शकतात, म्हणजे तुमचं चालू लॉगिनच परक्याच्या हाती.