लोखंडाची घडण, भाग ९ : सवलतीतली खुकुरी

काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात नेपाळी लष्कराने कित्येक पिढ्यांची हत्यारे साठवून ठेवली होती. २००३ साली दोन अमेरिकी कंपन्यांनी हा साठा विकत घेतला. त्यात बंदुका होत्या, संगिनी होत्या आणि खुकुऱ्यांचे ढीगच्या ढीग होते. यातल्या बऱ्याच खुकुऱ्या न पुसता, न घासता, वाळलेल्या ग्रीससकट आणि गंजासकट कमी किमतीत विकल्या गेल्या. साफसफाई घेणाऱ्याने करायची. ग्रीसचा थर निघाला की काही पात्यांवर ठोकलेली देवनागरी अक्षरे आणि आकडे वर येत. ती पलटणीच्या नोंदीची खूण. रॉकेल, चिंध्या आणि सबुरी एवढ्यावर हे काम होते. विजेच्या चाकावर घासलेले पाते आरशासारखे चमकते खरे, पण अक्षरे गेली की त्या खुकुरीचा इतिहास गेला आणि निम्मी किंमतही गेली.

जुना साठा हा एक भाग झाला. नव्या खुकुऱ्यांतही सवलतीचा माल असतो. नेपाळमधून माल पाठवणारे विक्रेते किरकोळ दोष असलेले नग बाजूला काढतात आणि कमी दरात देतात. ते घ्यावेत का? दोष मुठीत, म्यानात किंवा पॉलिशमध्ये असेल तर बेलाशक घ्यावेत. दोष धारेत असेल तर फुकट मिळाले तरी नकोत. या दोन वाक्यांमागचे कारण समजायचे, तर खुकुरी घडते कशी ते पाहावे लागते.

ती घडवतात कामी. नेपाळातला हा परंपरेने लोहारकाम करणारा समाज. पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या आणि धरानच्या खुकुऱ्यांना मोठे नाव आहे. कामींच्या लोहारशाळेला आरन म्हणतात. कच्चा माल बहुधा ट्रकचे जुने कमानपाटे. आपल्याकडचे लोहारही कोयत्यासाठी हेच पोलाद पसंत करतात. पाटा तापवून तोडतात, घणाखाली आकार देतात, कानशीने आणि चाकावर घासून पाते उतरवतात. खरी कसोटी त्यानंतर. तापून लाल झालेले पाते कामी पाण्यात बुडवत नाही. तो किटली उचलतो आणि तिच्या तोटीतून बारीक धारेने पाणी फक्त पात्याच्या धारेवर सोडतो, पुढे-मागे, रंगाकडे डोळा ठेवून. धारेचा पोटाकडचा भाग कडक होतो आणि पाठ चिवट राहते. घाव बसला की धार टिकते, धक्का पाठ सोसते. सगळे पाते सारखेच कडक केले असते तर लाकडाच्या गाठीवर ते काचेसारखे उडाले असते. टोक आणि मुठीजवळचा भाग मुद्दामच नरम ठेवलेला असतो.

हे सारे नजरेच्या अंदाजाने चालते. त्यामुळे दोन खुकुऱ्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत, आणि काहींत उणेपणा राहतो. पाठीवर घणाची खूण राहते, पितळी कड आणि मूठ यांत कागद जाईल एवढी फट पडते, म्यानातली कर्द आणि चकमक ही दोन छोटी पाती हरवलेली असतात. याने कामात काही अडत नाही.

धारेचे तसे नाही. पाणी देताना धारेला आडवा तडा गेला असेल तर तो केसाएवढा बारीक असला तरी प्रत्येक घावागणिक वाढत जातो आणि तो बुजवता येत नाही. पाते उजेडात तिरपे धरून धारेवरून नजर फिरवावी. दुसरी परीक्षा कानशीची. बारीक कानस पोटाकडच्या धारेवर हलकेच फिरवली आणि ती घसरली, तर पाणी नीट बसले आहे. लोखंडात चावली तर तिथे धार नरम आहे. काठमांडूच्या ठामेल भागात, दार्जिलिंगच्या बाजारात शोभेच्या खुकुऱ्या मिळतात. क्रोमची झळाळी, कोरलेले सिंह, आणि आत पातळ, नरम पत्रा. भिंतीवर टांगायला त्या छान आहेत. ‘अर्ध्या किमतीत’ म्हणून कामाला घेतलेली अशी खुकुरी मात्र पहिल्याच ओंडक्यावर धार मुडपून घेते.

दुरुस्तीत सर्वाधिक वेळा हात घालावा लागतो तो मुठीला. मूठ शिसवीसारख्या लाकडाची असते किंवा म्हशीच्या शिंगाची. शिंग दमट हवेतून कोरड्या हवेत गेले की आकसते आणि लांबीच्या दिशेने चिरते. शिंगाचा तो स्वभावच आहे, त्यात कामीची चूक नाही. चीर कोरडी आणि स्वच्छ करून तिच्यात पातळ सुपरग्लू थेंबाथेंबाने सोडावा. तो आत ओढला जातो. रुंद चिरेत त्याच शिंगाचा कानशीने पाडलेला भुगा भरावा आणि मग ग्लू द्यावा. वाळल्यावर पॉलिश पेपर, आधी जाडा मग बारीक. बोट फिरवून चीर लागली नाही की काम झाले.

मूठ हलत असेल तर प्रकरण थोडे मोठे. अनेक खुकुऱ्यांत पात्याचे निमुळते शेपूट मुठीत लाहा या राळेसारख्या पदार्थाने बसवलेले असते. उष्णतेने लाहा मऊ होतो. पात्याची मुठीलगतची बाजू गरम पाण्याने बेताने तापवली की मूठ सुटते. आतला जुना लाहा खरवडून काढायचा, शेपूट सँडपेपरने खरबरीत करायचे, दोन भागांचे एपॉक्सी भरायचे आणि पाते सरळ आले आहे ना हे डोळ्यासमोर धरून तपासत रात्रभर बांधून ठेवायचे. गॅसच्या ज्योतीवर पाते धरण्याचा मोह टाळावा. धारेवर पिवळसर किंवा निळी झाक आली तर कामीने दिलेले पाणी उतरू लागले म्हणून समजावे, आणि ते घरी परत देता येत नाही. यंत्रावर धार लावतानाही हाच धोका असतो. लहानसा खड्डा असेल तर हाताने, दगडावर, धारेची मूळची फुगीर गोलाई सांभाळून काढावा.

लाकडी मुठीला शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

म्यान आतून लाकडाचे, वरून चामड्याचे. दोन फळ्यांचा सांधा उकलला असेल तर गोंद आणि दाब यांवर भागते. पण उकललेल्या म्यानाची खुकुरी उपसताना धारेच्या बाजूला बोटे असली तर पाते सांध्यातून बाहेर येऊन बोटे कापते. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरावे, नवे असले तरी. खुकुरी महिनोन्महिने म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पाते गंजते. कोकणासारख्या हवेत तर तेलाचा हात देऊन ती बाहेरच ठेवावी.

मुंबई-पुण्यात खुकुरी ओळखीची झाली ती रात्रीच्या गस्तीवरच्या गुरख्यांमुळे. आता नेपाळ किंवा दार्जिलिंगच्या सहलीहून अनेक मराठी कुटुंबे ती आठवण म्हणून आणतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारताच्या १९६२च्या शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांत खुकुरीचे नाव घेऊनच उल्लेख होता. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली होती. नेहमीच्या खुकुरीचे पाते ९ इंचांहून लांब असते. म्हणून पैसे मोजण्याआधी पाते मोजावे आणि आपल्या जिल्ह्यात परवाना लागतो का, हे पोलीस ठाण्यात विचारावे. विमानाने येणार असाल तर ती चेक-इन सामानातच ठेवावी. हातातल्या बॅगेत सापडली तर विमानतळावरच सोडावी लागेल.