पन्नाशीत सायकलवर २०० किलोमीटर? जमतं, पण घाई नको!

हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी शिरवळ, खंडाळा, सुरूरच्या बाजूला हायवेवर हेल्मेट आणि चमकणारं जाकीट घातलेले सायकलवाले दिसतात. चहाला थांबतात आणि दहा रुपयांच्या चहाचीही पावती मागतात. "शर्यत आहे का हो?" असं आपण विचारतो. शर्यत नसते. त्याला 'ब्रेव्हे' म्हणतात. शब्द फ्रेंच, पण हिशोब सोपा.

२०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. जेवण, चहा, पंक्चर सगळं त्यातच धरून. भागाकार करून बघा, ताशी १५ किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. जिथे शिक्का मारायला माणूस नाही, तिथे दुकानाची पावती हाच पुरावा. पुढे ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. वय किमान १८ हवं. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट सक्तीचं.

मी हे ५२व्या वर्षी केलं. शाळेला रोज सायकलनेच जायचो. मग मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला लागली. शुगर "काठावर" आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती खाली काढली.

पहिल्या वेळी १४० किलोमीटरला उतरलो. पोरांच्या मागे लागून खंबाटकी घाट जोरात चढलो आणि दुपारपर्यंत फक्त चहा-बिस्किटं खाल्ली. मग पायातला जीवच गेला. झाडाखाली बसलो, घरी फोन केला, टेम्पोत सायकल टाकून परत. लाज वाटली, खोटं कशाला बोलू!

कारण नंतर समजलं. अंगातला साखरेचा साठा काही तासच पुरतो, आणि जोर लावला की आणखी लवकर संपतो. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. दुसऱ्या वेळी दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकलं. केळं, शेंगदाण्याची चिक्की, दशमी. पाण्याचे घोट घोट, त्यात लिंबू, मीठ, साखर. घाटात सगळ्यात हलका गिअर टाकला. पोरं पुढे गेली, जाऊ दिली. गंमत म्हणजे त्यातली दोघं मला संध्याकाळी ढाब्यावर भेटली, पाय चोळत बसलेली.

१३ तास ५ मिनिटांत पोचलो. २५ मिनिटं हातात होती.

तयारीला तीन महिने धरा. आधी आठवड्यातून तीन-चार दिवस १५ किलोमीटर. मग रविवारी ३०, ४०, ६० असं वाढवत न्या. एका दमात नव्हे पण एका दिवसात १०० किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी रानात काम करता आलं, की २०० चा विचार करा. पन्नाशीत अंग भरून यायला वेळ लागतो, त्यामुळे मोठ्या फेरीनंतर एक दिवस सुट्टी घ्याच.

गुडघे दुखतात अशी तक्रार बरेच जण करतात. पुष्कळदा दोष सीटचा असतो. आपल्याकडे ती खाली ठेवायची सवय आहे. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. वाकडा राहिला तर सीट वर घ्या. महागडी सायकल लागतेच असं नाही. गिअरची, हलकी, ब्रेक पक्के असलेली पुरते. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे, कारण ठरलेल्या थांब्यांखेरीज मधे घरच्यांची गाडी मदतीला आलेली नियमात बसत नाही.

आता महत्त्वाचं. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला झाला असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. आणि "सायकल चालवू का?" एवढंच विचारू नका. "दिवसभर चालवणार आहे" असं स्पष्ट सांगा. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर पायडल मारलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. डोस त्यांनाच ठरवू द्या आणि खिशात साखर ठेवा. छातीत दाब, गार घाम, अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच उतरा आणि १०८ ला फोन लावा. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

ब्रेव्हेचं नवं वर्ष नोव्हेंबरला सुरू होतं. गणपती उठायच्या आत सायकलची चेन पुसून, हवा भरून ठेवलीत तर हिवाळ्यातली २०० ची फेरी आरामात गाठता येईल.