‘नुसती नाटकं करते’: बॉर्डरलाइन विकार आणि संसार

धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात चाळिशीपुढच्या कुणाचं मन बिघडलं, की बोलणं फिरून भूकंपावर येतंच. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांच्याबद्दल असं वाटणं साहजिक आहे. पण त्यातून वाचलेल्यांना डॉक्टरांनी तपासलं तेव्हा प्रामुख्यानं आढळलं ते नैराश्य आणि आघातानंतरचा तणाव. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा वेगळा विकार आहे. लहानपणीच्या आघातानं त्याचा धोका वाढतो हे खरं, पण जुळ्यांवरच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटाही जवळपास निम्मा दिसतो. सगळं गमावूनही तो न झालेली माणसं आहेत, आणि खाऊनपिऊन सुखी घरात वाढून झालेलीही.

‘नुसती नाटकं करते’ हे सासरी हमखास ऐकू येणारं वाक्य. समजा, नवरा लोहाऱ्याला बाजाराला गेलाय, फोन उचलत नाही. बायकोचे पंधरा-वीस कॉल, मग मेसेज: ‘तिकडंच राहा, परत येऊ नका.’ संध्याकाळी तो दारात दिसला की तीच रडत माफी मागते. बघणाऱ्याला हे सोंग वाटतं. तिचे मधले तास मात्र खरोखरच टाकून दिल्यासारखे गेलेले असतात. टाकलं जाण्याची भीती, आज देवमाणूस आणि उद्या वैरी असं टोकाचं वाटणं, आतलं रितेपण, न आवरणारा राग, स्वतःला इजा करून घेणं... अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच दीर्घकाळ असतील, तर डॉक्टर हे निदान करतात. याला बायपोलर म्हणणंही चूक. तिथले चढउतार सहसा दिवस-आठवडे टिकतात, इथं तासाभरात मन पालटतं.

मग नवऱ्यानं काय करायचं? मुकाट सोसत राहिलं किंवा ‘माहेरी नेऊन सोडतो’ म्हटलं, तरी भांडण चिघळतंच. त्यापेक्षा असं बोलता येतं: ‘मी फोन उचलला नाही म्हणून तू घाबरलीस, कळलं मला. पण शिव्या थांबल्या नाहीत तर मी अंगणात जाऊन बसतो, अर्ध्या तासानं येतो.’ आणि अर्ध्या तासानं खरंच यायचं. न येणं सगळ्यात वाईट. मारहाणीला मात्र आजाराची सबब चालत नाही, हात कुणीही उचललेला असो.

‘मरतो म्हणणारा मरत नाही’ हा समज तर जीवघेणा आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत या विकाराचे 3 ते 10 टक्के रुग्ण आत्महत्येनं गेलेले दिसतात. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात सहज हाताशी असतं. ते कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

हा बायकांचाच आजार, असंही नाही. दवाखान्यात बायका जास्त दिसतात. पण अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्या-पाहणीत प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पुरुषाचा राग बहुतेकदा ‘तापट स्वभाव’ या नावावर खपून जातो. आणि लग्न लावून दिल्यानं, पोर झाल्यानं कुणी बरं होत नाही. या विकाराला सगळ्यात जास्त धग लागते ती जवळच्या नात्यातच.

‘डॉक्टरचा कागद दाखवला की घटस्फोट मिळतो’ असं सांगणारे नातेवाईक गावोगाव आहेत. हिंदू विवाह कायद्याला नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. त्या व्यक्तीसोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, इतकी तीव्रता दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात हे स्पष्ट केलं आणि 2013 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात पुन्हा तेच सांगितलं.

‘हे जन्मभराचं दुखणं’ हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. संशोधक मेरी झानारिनी यांनी अमेरिकेत दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या 93 टक्क्यांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. मात्र नातं आणि कामधंदाही नीट सावरलेले निम्मेच होते. म्हणजे बायको बरी झाली तरी संसार आपोआप जागेवर येत नाही; त्यावर दोघांनाच वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

या विकारावर म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी नाही. सोबतच्या नैराश्यावर डॉक्टर औषध देतात. मुख्य उपचार बोलण्याचाच. मार्शा लिनेहन यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण ती येणारे थेरपिस्ट खेड्यात कुठून मिळायचे? कॅनडात 2009 मध्ये 180 रुग्णांवर तिची तुलना साध्या, पण वर्षभर नेमानं केलेल्या मानसोपचाराशी झाली, आणि दोन्हीकडे जवळपास सारखाच फरक पडला. तेव्हा पुण्या-मुंबईला जाता येत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. लातूर, सोलापूर किंवा धाराशिवला एकच डॉक्टर धरावा आणि तारखा चुकवू नयेत. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, आणि तो फोन नवऱ्यानंही लावला तरी चालतो.