पुंजवाद चमत्कारिक का वाटतो?

पुंजवाद, म्हणजे ज्याला आज सर्रास 'क्वांटम' म्हणतात ते शास्त्र, याचे नाव निघाले की दोन तऱ्हेचे उद्गार ऐकू येतात. कोणी म्हणतो, 'हे आपल्या बुद्धीपलीकडचे आहे'. कोणी म्हणतो, 'विज्ञानानेच निश्चितपणा सोडला. मग आता कोणताही चमत्कार शक्य आहे'. हे दोन्ही ग्रह चुकीचे आहेत. हे शास्त्र चमत्कारिक वाटते हे खरे. परंतु तसे वाटण्याला कारणे आहेत आणि ती समजण्याजोगी आहेत.

पहिले कारण आपल्या अनुभवात आहे. १९२४ साली फ्रान्समधील लुई द ब्रॉग्ली यांनी असे मांडले की, पदार्थाच्या प्रत्येक कणाला तरंगाचे गुणधर्म असतात. वस्तू जितकी जड व वेगवान, तितकी तिची तरंगलांबी कमी. आता हिशेब करून पाहू. १६० ग्रॅम वजनाचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असेल, तर त्याची तरंगलांबी मीटरमध्ये लिहिताना दशांशचिन्हापुढे तेहतीस शून्ये द्यावी लागतील, तेव्हा कुठे पहिला आकडा येईल. हा तरंग कोणाला दिसणार? याउलट, हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनची तरंगलांबी त्या अणूच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट असते. तेथे तरंगाकडे दुर्लक्ष करताच येत नाही. आपली व्यवहारबुद्धी चेंडूंच्या जगात वाढली. इलेक्ट्रॉनच्या जगात ती परकी ठरली, तर नवल नाही.

परंतु केवळ सवय नाही एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. पृथ्वी फिरते ही कल्पनादेखील एके काळी विचित्रच वाटली होती. तथापि आर्यभटाने नावेतील प्रवाशाचा दाखला दिला: नाव पुढे जाते आणि काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात. एक चित्र पुसून त्या जागी दुसरे चित्र मनात काढता आले. पुंजवादाची खरी अडचण ही की, येथे असे पुरे चित्र काढताच येत नाही. 'कण' आणि 'तरंग' हे दोन्ही शब्द आपण धान्याच्या दाण्यावरून आणि पाण्याच्या लाटेवरून घेतले. इलेक्ट्रॉन यांपैकी कोणत्याच साच्यात बसत नाही.

१९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इलेक्ट्रॉनांना दोन वाटा मोकळ्या ठेवून ते एकेक करून सोडले. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच ठिकाणी, ठिपक्यासारखा उमटला. हे कणाचे लक्षण. ठिपके प्रथम अस्ताव्यस्त दिसले. पण ते हजारोंनी साठले, तेव्हा त्यांतून आलटूनपालटून दाट व विरळ पट्टे तयार झाले. हे तरंगाचे लक्षण. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची खूण कोठे उरेल अशी योजना केली, तर मात्र हे पट्टे नाहीसे होतात. ती खूण कोणी माणसाने वाचलीच पाहिजे असे नाही. म्हणून 'मनाच्या शक्तीने जग बदलते' हा निष्कर्ष यातून निघत नाही.

यावर आइन्स्टाइनचा आक्षेप गंभीर होता. एकाच जोडीतल्या दोन वहाणा दोन पेट्यांत घालून दोन गावी पाठविल्या आणि एका पेटीत डावी निघाली, तर दुसरीत उजवी आहे हे तत्काळ कळते. यात गूढ काहीच नाही. ते अगोदरच ठरलेले होते. जोडीने निर्माण झालेल्या कणांचेही तसेच का नसावे? १९६४ साली जॉन बेल यांनी दाखवून दिले की, कणांची उत्तरे अशी आधीच ठरलेली असतील आणि एका ठिकाणच्या कृतीचा परिणाम दुसरीकडे तत्क्षणी पोचत नसेल, तर त्या उत्तरांच्या मेळाला एक मर्यादा पडते. १९७२ साली क्लॉसर व फ्रीडमन यांच्या आणि १९८२ साली अस्पे यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. क्लॉसर, अस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक या क्षेत्रातील कामासाठीच मिळाले. तेव्हा हा विचित्रपणा केवळ आपल्या अज्ञानाचा नव्हे. आपली दोन अत्यंत स्वाभाविक गृहीते निसर्गाला एकत्र मान्य नाहीत.

म्हणून काहीही घडू शकते काय? मुळीच नाही. एक इलेक्ट्रॉन कोठे पडेल हे सांगता येत नसले, तरी हजारोंचे पट्टे कोठे उमटतील हे गणित काटेकोरपणे सांगते. त्याच गणिताच्या भरवशावर ट्रान्झिस्टर आणि लेसर चालतात. यापुढे 'क्वांटम'च्या नावाने कोणी ताईत वा औषध विकू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: तुमचे गणित कोणते, आणि ते कोणत्या प्रयोगात पडताळून पाहिले? खऱ्या पुंजवादापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे.